नाव, आधार आणि उद्धार

माणसाने स्वतःच स्वतःचा उद्धार करावा, असे भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातील पाचवा श्लोक सांगतो. बाराव्या अध्यायातील सातव्या श्लोकात मात्र, ज्यांचे चित्त आपल्या ठायी जडले आहे त्यांना मृत्युरूप संसारसागरातून आपण वर काढतो, असे श्रीकृष्ण म्हणतात. या दोन विधानांचा मेळ कसा घालावा, या प्रश्नावर तेराव्या-चौदाव्या शतकांत दक्षिणेतील श्रीवैष्णवांमध्ये दोन मते पुढे आली. वेदान्तदेशिकांच्या वडकलै परंपरेने मर्कटकिशोरन्याय मानला, म्हणजे माकडाचे पिल्लू जसे आईला स्वतः बिलगते तसा भक्ताचा काही प्रयत्न अवश्य हवा. पिळ्ळै लोकाचार्यांच्या तेंकलै परंपरेने मार्जारकिशोरन्याय मानला, म्हणजे मांजरी जशी पिल्लाला तोंडात धरून नेते तशी कृपा सर्वस्वी देवाची.

या वादाकडे नावेच्या दृष्टान्तातूनही पाहता येते. पैनगंगेसारख्या नदीच्या काठी नाव हे पैलतीर गाठण्याचे साधन म्हणून ओळखले जाते. संतांच्या वाणीतही ती बहुधा याच अर्थाने येते. नाव पाण्यातून वर उचलली जाण्याचा प्रसंग त्या मानाने दुर्लक्षित राहिला, परंतु वरील वादासाठी तोच अधिक बोलका आहे. मोठ्या तलावांवर हौशी नौकांसाठी धक्क्यालगत लिफ्ट बसवतात. तिचा पाळणा, म्हणजे लांब आडव्या आधारांची चौकट, आधी पाण्याखाली उतरवला जातो, नाव त्याच्यावर तरंगत आणली जाते आणि मग पाळणा तिला वर घेतो. हे काम वाटते तितके सोपे नाही. सुकाणूचा प्रभाव त्याच्यावरून वाहणाऱ्या पाण्यावर अवलंबून असल्यामुळे वेग कमी होईल तसा नावाड्याचा ताबा सुटत जातो, आणि वेग तर कमी करावाच लागतो. म्हणून वारा कोणत्या बाजूने आहे हे आधी पाहून, इंजिन योग्य क्षणी मोकळे सोडून, उरलेल्या गतीवरच नाव जागेवर येऊ द्यावी लागते. थांबणे हीदेखील येथे कृतीच आहे, आणि कदाचित सर्वांत कसबाची.

नाव तरंगत असते तोवर पाणी तिच्या बुडालेल्या तळाला सर्वत्र आधार देते, त्यामुळे ती हातभर मागे-पुढे असली तरी काही बिघडत नाही. पण पाळणा वर येताच सारा भार दोन आधारांवर येतो. ज्या नौकेचे इंजिन मागे असते तिचा गुरुत्वमध्यही, म्हणजे सगळे वजन जेथे एकवटले आहे असे मानता येते तो बिंदूही, मागे सरकलेला असतो. तो आधारांच्या मधोमध नसेल तर नाव कलंडू शकते. म्हणून आधार तळाला टेकताक्षणी थांबून पाहावे लागते, कारण पाणी अजून काही भार वाहत आहे तोवरच चूक दुरुस्त करता येते. साधनेकडे या दृष्टीने पाहिले तर जप, अभ्यास, सदाचार हे उचलण्याचे बळ नसून जागेवर येण्याचे कर्म ठरते, आणि गीतेतील दोन श्लोकांमधील विरोध बराच मावळतो.

बराच, पूर्ण नव्हे. लिफ्टची कळ मालकाच्या हाती असते, कृपेची कळ मात्र भक्ताच्या हाती असल्याचे कोणतीही भक्तिपरंपरा मानणार नाही. त्याहून गंभीर आक्षेप असा की नीट जागेवर न आलेल्याचे काय? कृपा त्याला कलंडू देत असेल तर तिला कृपा म्हणणे कठीण आहे, आणि तेंकलै आचार्यांचा भर दुर्बलांना सामावून घेण्यावर होता तो याचसाठी. या आक्षेपाला ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मधील आपल्या टीकेत, बाराव्या अध्यायातील त्याच श्लोकावर लिहिताना, फार ममतेने उत्तर दिले आहे. तेथे देव सहस्र नामांच्या नावा सजवून स्वतः तारू होतो. एकट्यादुकट्याला ध्यानाच्या कासेला लावतो, संसारी माणसाला तराफ्यावर घेतो आणि कोणाच्या पोटाशी प्रेमाची पेटी बांधतो. लिफ्टवरही पाळण्याचे आधार नावेच्या तळाप्रमाणे लावून घेतात. निमुळत्या तळाला वेगळे, सपाट तळाला वेगळे. ज्ञानेश्वरांच्या देवाने ही जुळवणी भक्ताने हात हलवण्यापूर्वीच केलेली असते, आणि म्हणून तेथे जागेवर येण्याचा प्रयत्न एकट्या भक्ताचा राहत नाही.