आधी पूस, मग बघ, मग पाना उचल

हातातलं काम बाजूला ठेव आणि नीट ऐक. टोकावड्याला हायवेलगत गॅरेज टाकलंस, बोर्डावर ‘आयटीआय पास’ लिहिलंस, तेव्हा मला अभिमान वाटला होता. म्हणूनच आज गप्प बसणार नाही. एका शेतकऱ्याच्या जुन्या मारुती ८०० चा गिअरबॉक्स तू उतरवलास, क्रँकचं मागचं ऑइल सील बदललंस आणि खोललंच आहे म्हणून क्लच प्लेटही त्याच्या गळ्यात मारलीस. आठवडाभरात जमिनीवर पुन्हा तोच डाग! त्यावर तुझं उत्तर काय, तर ‘जुनी गाडी आहे, गळणारच.’ हे वाक्य पुन्हा तुझ्या तोंडून मला ऐकायचं नाही.

उष्णतेनं रबर कडक होतं, कॉर्कचं पॅकिंग आकसतं, हे मीच तुला शिकवलं. पण तेल कुठल्या तरी ठरावीक जागेतूनच बाहेर येतं. ती जागा शोधण्याचेच पैसे गिऱ्हाईक तुला देतं. ती न शोधता सुटे भाग बदलत सुटायचं असेल, तर दोन वर्षं वर्गात कशाला बसलास?

गाडी माझ्यासमोर आली तेव्हा मी इंजिन पुसून घेतलं आणि चालू केलं. तेल डिस्ट्रिब्युटरच्या बुडातून येत होतं. या ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात डिस्ट्रिब्युटर हेडच्या टोकाला, गिअरबॉक्सच्याच बाजूला असतो. त्याची रबरी ओ-रिंग कडक झाली की तेल ओघळून गिअरबॉक्सच्या कव्हरवर येतं आणि खालच्या सांध्यातून टपकतं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं तरी तेल याच वाटेनं उतरतं. तू खालून थेंब बघितलास आणि सील गेलं म्हणून मोकळा झालास. एकदा मान वर करून बघायला काय झालं होतं?

माळशेजच्या पायथ्याचा पाऊस अंगावर घेत वाढलास तू. कौलारू घरात पाणी जिथं टपकतं, तिथलंच कौल फुटलेलं असतं का? पाणी वाशावरून सरकत येऊन भलतीकडे पडतं, तेही तुला ठाऊक आहे. तेल तसंच उतरतं, शिवाय धावत्या गाडीत वारा ते मागे ढकलतो. म्हणून जिथं सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे ओल दिसेल, तिथून शोध सुरू करायचा. खालचा थेंब फक्त गळती आहे एवढंच सांगतो.

आता क्रम पुन्हा ऐक, आणि या वेळी डोक्यात ठेव. आधी गळतंय ते इंजिन ऑइलच आहे का ते ठरव. गिअर ऑइल दाट असतं, त्याला गंधकाचा उग्र वास येतो. रात्रभर गाडीखाली कोरा पुठ्ठा ठेव, डागाचा रंग आणि जागा दोन्ही कळतील. मग गेज काढून बघ, कुणी तेल जास्त तर भरलं नाही ना? इंजिन गार असताना डिझेल आणि ब्रश घेऊन सगळं चकचकीत कर, नीट सुकव. संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरव. इंजिन चालव, बंद कर, टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन बघ. पावडरीवर ओली रेघ उमटेल, ती वर वर शोधत जा. टॅपेट कव्हर, डिस्ट्रिब्युटर, ऑइल प्रेशरचा स्विच, फिल्टर, ड्रेन बोल्टचा वायसर, सगळं तपास. फिल्टर बदलताना जुनी रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली तरी तेल गळतं. हे सगळं तपासून झाल्यावरच गिअरबॉक्सला हात लावायचा, तोवर नाही.

आणि ब्रीदर विसरू नकोस! तो चोंदला किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या की तेलाच्या चेंबरमध्ये दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल ढकललं जातं. इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण उघड. धूर भकाभका येत असेल तर आधी ब्रीदर बघ, मग कॉम्प्रेशन. दाब तसाच ठेवून दहा सीलं बदललीस तरी ती टिकायची नाहीत.

चेंबरच्या कडेला बोटभर सिलिकॉन फासण्याची सवयही आजच सोड. आतल्या बाजूला आलेले त्याचे तुकडे सुटतात, तेलाच्या जाळीत अडकतात, पंपाला तेल मिळत नाही आणि बेअरिंग जळतात. डॅशबोर्डावरचा तेलाचा लाल दिवा दाब पडल्यावर लागतो, तेल कमी व्हायला लागल्यावर नाही. वैशाखरे, मोरोशी सोडून माळशेजच्या चढावर तो दिवा लागला तर त्या माणसानं काय करायचं? गरम सायलेन्सरच्या पाइपावर तेल ठिबकून आग लागली तर? तुझ्या बेफिकिरीची किंमत दुसऱ्याच्या घरानं मोजायची का?

मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्येच थांबलं. पंधरा वर्षं उलटलेल्या खासगी मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झालं. तरीही भाताच्या पैशातून कुणी जुनी गाडी जपत असेल, तर ती त्याची गरज आहे. तुझ्या अंदाजांचा खर्च त्यानं का भरायचा? आणि गॅरेजच्या दारातलं काळं तेल पावसाबरोबर ओढ्यात, पुढे काळू नदीत जातं, तेही तुझ्याच हिशेबात धर. काढलेलं तेल डब्यात साठव, जमिनीवर ओतू नकोस.

गळती सापडली नाही तर ‘सापडली नाही’ असं सांग. त्यात कमीपणा नाही. सापडल्याचं सोंग करून बिल फाडणं ही लबाडी आहे, आणि ती मी तुला शिकवलेली नाही. तुझा हात चांगला आहे, घाई वाईट आहे.

आज संध्याकाळी त्या शेतकऱ्याच्या घरी जा. चूक तोंडानं कबूल कर, नको असलेल्या कामाची मजुरी परत कर. काढलेली क्लच प्लेट चांगली होती का ते खरं सांग आणि चांगली असेल तर नवीचे पैसेही दे. ओ-रिंग बदलून टायमिंग तपास आणि गाडी माळशेजपर्यंत स्वतः चालवून आण. मग मला बोलाव. इंजिनाखाली मी कोरा पुठ्ठा ठेवणार आहे, आणि तो कोराच राहिला पाहिजे.