ओळख कशी पटते?



अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य प्रभूबरोबर चालले, त्याच्याशी बोलले, तरी त्यांनी त्याला ओळखले नाही. भाकर मोडली गेली तेव्हाच ओळख पटली. थोमाला हातांवरचे व्रण पाहायचे होते. चेहरा समोर असूनही ओळख पटतेच असे नाही. त्यासाठी खूण लागते.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर एखादी पत्र्याची पेटी असते. तीत कधी विमानाची जुनी प्रतिकृती निघते. रंग उडालेला, एक पंखा मोडलेला. कुणाची, कुठली, कुणालाच सांगता येत नाही. तरुण मुले तिचे फोटो काढून जाणकारांना पाठवतात. हा चांगला मार्ग आहे. फक्त फोटो नीट हवेत. दिवसाच्या उजेडात, बाजूने, समोरून, वरून आणि पोटाखालून असे काढावेत. शेजारी मोजपट्टी ठेवावी. आधी घासूपुसू नये, रंग तर मुळीच देऊ नये. पुसट अक्षरे त्यातच जातात.

जाणकार रंगाकडे शेवटी पाहतो, कारण रंग कुणीही बदलू शकतो. तो आधी घडण पाहतो. इंजिने किती? पंख धडाच्या वर की खाली? तिसरे चाक नाकाखाली की शेपटीखाली? दोन इंजिने, खाली बसवलेले पंख, शेपटीखाली लहान चाक आणि त्यामुळे वर उचललेले नाक, एवढे जुळले तर ते बहुधा डाकोटा असते. फॉकर फ्रेंडशिपचे पंख धडाच्या वर असतात. व्हायकाउंटला चार इंजिने असतात. खऱ्या डाकोटाच्या पंखांचा पसारा सुमारे २९ मीटर. प्रतिकृतीवर तो ४० सेंटिमीटर भरला, तर ती बहात्तराव्या हिश्शाची आहे. पंखावर व्हीटी ही अक्षरे असतील, तर विमान भारतात नोंदलेले होते.

डाकोटा आपल्या भागाला परके नव्हते. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास आपल्या शेजारच्या नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्या बदलून घेत आणि परत फिरत. किती घरांची सुखदुःखे त्या थैल्यांतून गेली असतील!

पण बंधू-भगिनींनो, फोटो पाहून जाणकार विमानाचे नाव सांगेल. ते घरात कुणी आणले, कुणाच्या वाढदिवसाला दिले, मोडलेला पंखा कुणी जपून ठेवला, हे त्याला सांगता येणार नाही. ते फक्त घरातली आजी सांगू शकते, किंवा दूर नागपूर-अमरावतीला राहणारे थोरले काका. आपण परक्या माणसाला चार फोटो पाठवतो आणि शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्या माणसाला एक प्रश्न विचारायला आपल्याला सवड नसते. ते माणूस गेले की वस्तू उरते, तिची गोष्ट मात्र त्याच्याबरोबर जाते. मग तीच वस्तू एक दिवस भंगारवाल्याच्या गाडीवर चढते.

म्हणून या रविवारी मिस्साहून घरी गेल्यावर आपण एक काम करू या. घरातली एक जुनी वस्तू किंवा एक जुना फोटो वडीलधाऱ्यांच्या हाती देऊ या आणि शांत बसून ऐकू या. ऐकलेले वहीत लिहू या. फोटोच्या मागे पेन्सिलीने नाव आणि साल घालू या. वस्तू ओळखता ओळखता कदाचित ते माणूसही आपल्याला नव्याने ओळखू येईल. शिष्यांचेही तसेच झाले. बरोबर जेवायला बसले, तेव्हा त्यांचे डोळे उघडले.

हे प्रभो, आमच्या घरात, आमच्याजवळ बसलेल्यांना ओळखण्याची दृष्टी आम्हांला दे. आमेन.