हजेरीपट आणि स्वधर्म

पांढुर्णा-सौंसरच्या मुलखात पदवीची परीक्षा संपवून बोरगावच्या कारखान्यात, एखाद्या पतसंस्थेत किंवा नागपूरच्या पेढीवर रुजू झालेल्या तरुणाला पहिल्या काही महिन्यांत जो शीण येतो, तो श्रमाचा असे सर्वजण मानतात. मला हे निदान अपुरे वाटते. संत्र्याच्या बागेत वाढलेल्या आणि तोडणीच्या दिवसांत वडिलांच्या बरोबरीने राबलेल्या मुलाला आठ तासांची बैठक ती काय जड! आजवर त्याचे प्रत्येक वर्ष एका निकालाने बंद झालेले असते. कचेरीत मात्र आजचे प्रकरण निकालात निघाले की उद्या तसेच दुसरे पुढ्यात येते आणि उत्तीर्ण झालास असे कोणी म्हणत नाही. फलाशेचे इतके रीतसर शिक्षण घेऊन तो अशा जागी येतो, जिथे कर्म अखंड आहे, पण फळाचा दिवस नेमलेला नाही.

अशा वेळी वडीलधारी मंडळी गीतेकडे बोट दाखवतात. टिळकांचे ‘गीतारहस्य’ 1915 साली प्रसिद्ध झाल्यापासून कर्मयोग हा आपल्या सुशिक्षित वर्गाचा घरगुती धर्मच होऊन बसला आहे. परंतु जादा कामाचा मोबदला मागणाऱ्याला मालकानेच निष्काम कर्माचा उपदेश करावा, यात शास्त्र नाही, सोय आहे. फलत्याग हा कर्त्याने स्वतः करावयाचा असतो. तो दुसऱ्याकडून वसूल करता येत नाही. ठरलेले वेतन हा तर फलाशेचा नव्हे, हिशेबाचा विषय आहे.

मळ्यातल्या कामालाच भक्ती मानणाऱ्या संत सावता माळ्याचा दाखलाही मला इथे जसाच्या तसा लागू पडेलसा वाटत नाही. अरणचा तो मळा त्याच्या हातचा होता. पाणी केव्हा द्यावे, हे सांगायला कोणी वरिष्ठ नव्हता. आमच्याकडचा बागायतदार आंबिया बहारासाठी हिवाळ्यात पाणी तोडून झाडांना ताण देतो. पाने मलूल होऊ लागतात, गुंडाळली जातात, आणि आता आणखी थांबलो तर झाड जाईल की लवकर पाणी सोडले तर फूल धरणार नाही, हा निवाडा तो एकटा पानाकडे पाहून करतो. पुढे गारपीट होवो की फळगळ, ते त्याच्या हाती नसते. म्हणजे बापाला फळाची शाश्वती नाही, पण निर्णयाचा अधिकार आहे. मुलाला दरमहा पगाराची शाश्वती आहे, पण निर्णय परक्याचा. खरी टोचणी इथे आहे, आणि पगारवाढीने ती जात नाही.

विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. बाह्य कर्माला चित्ताची जोड मिळणे, याला विनोबा तिथे विकर्म म्हणतात. हा विचार ज्यांच्यापुढे मांडला गेला त्या श्रोत्यांची वेळ, अन्न आणि काम ही सर्व सरकारच्या ताब्यात होती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हजेरीपटावरच्या माणसाला हा दाखला मळ्याच्या दाखल्यापेक्षा जवळचा आहे.

ही चित्ताची जोड आमच्या मुलखातल्या कचेरीत कुठे देता येते, ते पाहू. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. 2023 मध्ये त्यातून पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. घरची भाषा मराठी, दप्तराची हिंदी, हा शिरस्ता मात्र कायम आहे. खिडकीशी आलेल्या म्हातारीला छापील अर्जातला प्रत्येक रकाना तिच्या बोलीत समजावून, मगच तिचा अंगठा घेणे, हे कारकुनाच्या कामाच्या यादीत कुठेही लिहिलेले नसते. केले तर पगार वाढत नाही, न केले तर कापला जात नाही. तेवढ्या जागेत निर्णय सर्वस्वी त्याचा असतो, आणि माझ्या मते नोकरदाराचा स्वधर्म तिथून सुरू होतो.

प्रत्येक नोकरीत अशी जागा असतेच असे नाही. काही ठिकाणी ती जाणूनबुजून बुजवलेली असते, आणि पहिल्या नेमणुकीलाच स्वधर्म समजून जन्मभर चिकटून राहण्याची आज्ञा कुठल्याही शास्त्राने दिलेली नाही. तेव्हा मुलगा किंवा मुलगी राजीनाम्याची गोष्ट काढील, तर आईबापांनी गीता ऐकवण्याची घाई करू नये. त्या कामात तुझ्या स्वतःच्या हाती काय होते, एवढे आधी विचारावे आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे.