पाहणाऱ्याचा वाटा

परधर्माच्या क्षेत्राला किंवा उत्सवाला माणूस नुसता पाहावयास गेला, तर त्याला पाप लागते की पुण्य, की दोन्हीही लागत नाहीत? पूर्वी हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नसे, कारण जाणारेच थोडे. आता आपल्या माळकरी घरांतली मुलेमुली नोकरीनिमित्त युरोपात राहतात, आईबापांना बोलावून घेतात, हौसेने चार ठिकाणे दाखवितात. मग गळ्यात तुळशीची माळ असलेला माणूस तिकडच्या देवळाच्या दारात थबकतो. आत जावे का? हात जोडावे का? आम्हीही अशाच निमित्ताने स्पेन देशाच्या उत्तरेकडील बास्क लोकांच्या मुलुखात एका जुलै महिन्यात राहून आलो. तेथे जे पाहिले आणि जे समजून घेतले, त्यावरून सुचलेला विचार वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम मुलूख कसा तो सांगतो. पिरेनीज पर्वताच्या पश्चिम टोकाला, डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या हिरव्या पट्ट्यात हे लोक राहतात. काही स्पेनच्या हद्दीत, काही फ्रान्सच्या. त्यांच्या भाषेला ते एउस्कारा म्हणतात. जगातल्या कोणत्याही ज्ञात भाषेशी तिचे नाते पंडितांना आजवर जोडता आलेले नाही. धर्म बहुतांशी कॅथलिक. गावोगाव संतांचे उत्सव, त्यात ढोल, पावा, नाच आणि दगड उचलण्याच्या व ओंडके तोडण्याच्या शर्यती.

याच मुलुखातून संत याकोबाची पायवाट जाते. फ्रान्समधल्या सँ-झाँ-पिए-द-पोर या बास्क गावातून निघालेला यात्रेकरू रोन्सेसव्हालेसची खिंड चढून जवळजवळ ७८० किलोमीटर चालतो आणि सांतियागोला संताच्या समाधीशी पोहोचतो. निदान शेवटचे १०० किलोमीटर जो पायी चालला त्याला तेथे प्रमाणपत्र मिळते. २०२४ साली जवळजवळ पाच लाख लोकांनी ते घेतले. पण ते देण्यापूर्वी विचारतात, बाबा रे, तू कशासाठी चाललास? ज्याच्या चालण्यामागे धर्म नाही, अध्यात्माची ओढही नाही, त्याला दुसरा कागद देतात. पाहा, वाट एक, पायाला आलेले फोड एक, आणि कागद मात्र दोन! कर्माचे फळ हेतूवर ठरते, हे त्या लोकांनीही जाणले आहे.

हे चालणाऱ्याचे झाले. पण जो चालतच नाही, कडेला उभा राहून पाहतो, त्याचे काय? त्याला तर कोणी विचारीतही नाही.

येथे सुशिक्षित माणूस म्हणतो, “महाराज, आम्ही फक्त साक्षी. करणारे ते, आम्ही पाहणारे. आम्हाला काय लागणार?” शब्द वेदान्तातला आहे खरा, पण जागा चुकली. साक्षी कोणाला म्हणावे? ज्याला पाहण्यातून काही मिळवायचे नाही, त्याला. दिवा घरात जळतो, लग्नही त्याच उजेडात होते आणि भांडणही; दिव्याला दोन्हींतले काही नको असते. आपण मात्र विमानाचे भाडे भरून, चांगली जागा अडवून, टाचा उंचावून पाहतो. आपल्याला मजा हवी असते. हा साक्षी नव्हे, हा गिऱ्हाईक. आणि गिऱ्हाईक आहे म्हणून दुकान आहे, हे कोणत्याही वाण्याला विचारा.

पतंजलींनी हिंसादी दोषांचे तीन प्रकार केले आहेत: स्वतः केलेला, दुसऱ्याकडून करविलेला, आणि दुसऱ्याने केलेल्याला रुकार दिलेला. कृत, कारित आणि अनुमोदित. आमच्या मते पाहणाऱ्याचा सगळा हिशेब या तिसऱ्या रकान्यात मांडला जातो. हेच आता उदाहरणांनी पाहू.

नाव्हारा प्रांत बास्कांचा जुना प्रदेश. तेथील पाम्प्लोना शहरात दरवर्षी ६ ते १४ जुलैपर्यंत सान फेर्मीन या संताचा उत्सव असतो. ७ तारखेपासून रोज सकाळी आठ वाजता सहा बैल अरुंद गल्ल्यांतून सुमारे साडेआठशे मीटर पळवितात आणि माणसे त्यांच्यापुढे धावतात. धावण्यापूर्वी ती भिंतीतल्या कोनाड्यातल्या संताच्या छोट्या मूर्तीपुढे तीन वेळा गाणे म्हणून रक्षणाची याचना करतात. तीन-चार मिनिटांत धाव संपते. संध्याकाळी तेच बैल रिंगणात मारले जातात. हेमिंग्वे या अमेरिकन लेखकाने १९२६ साली आपल्या कादंबरीत या उत्सवाचे वर्णन केले आणि तेव्हापासून परदेशी लोकांची रीघ लागली. आज त्या गल्लीतल्या घरांचे सज्जे सकाळपुरते भाड्याने मिळतात.

आमच्या यजमानांनी अशा सज्जात आमच्यासाठी जागा धरावयाचे ठरविले होते. आम्ही नको म्हटले. ते म्हणाले, “बैलांना तुम्ही थोडेच मारणार आहात? आणि त्या रिंगणाचे उत्पन्न तिथल्या वृद्धाश्रमाला जाते.” गोष्ट खरी आहे. ते रिंगण कासा दे मिसेरिकोर्दिया या धर्मादाय संस्थेच्या मालकीचे आहे आणि ती संस्था म्हाताऱ्यांना सांभाळते. पूर्वपक्ष बळकट आहे, तो उडवून लावता येणार नाही. पण दान चांगले म्हणून ज्या मार्गाने पैसा आला तो मार्ग चांगला ठरत नाही. म्हाताऱ्यांना भाकर द्यायचीच, तर ती बैलाच्या रक्ताशिवायही देता येते. आणि आपण दिलेले भाडे भाकरीसाठी नव्हते, थरारासाठी होते, हे आपले आपल्याला ठाऊक असते. मनाशी खोटे बोलून पुण्य जोडता येत नाही.

त्याच शहरात ७ जुलैला सकाळी दहा वाजता संताची मूर्ती जुन्या पेठेतून मिरविली जाते. पालखी थांबत थांबत जाते, आणि जेथे थांबते तेथे गाणारे पुढे होऊन संताला गाणे ऐकवितात. तिला आम्ही गेलो. उत्सव एकच, संत एकच, शहर एकच. पण आठ वाजताच्या पाहण्याला आमचा रुकार नव्हता आणि दहा वाजताच्या पाहण्याला होता. सबंध उत्सव चांगला की वाईट असा निकाल देण्याची आमच्यावर सक्ती नव्हती. आपण कशाला मान डोलवायची एवढे मात्र ठरवावेच लागले.

आता कोणी म्हणेल, मग पाहूच नये, म्हणजे सुटलो. तसेही सुटत नाही बरे का! समुद्रकाठी होन्दारिबिया म्हणून गाव आहे. १६३८ साली फ्रेंच सैन्याने त्याला दोन महिने वेढा दिला होता. वेढा उठला तो ग्वादालुपे मातेच्या कृपेने, अशी श्रद्धा. म्हणून दर ८ सप्टेंबरला गाव सैनिकांच्या वेशात, बंदुका घेऊन, पथके करून मिरवणूक काढते आणि नवस फेडते. या पथकांत पुरुष चालत. बाईला मान होता तो पथकामागे एक कांतिनेरा म्हणून, म्हणजे सैनिकांना पेय पुरविणारी. १९९६ च्या सुमारास काही स्त्रिया म्हणाल्या, आम्हीही सैनिक म्हणून चालू. पुढच्या वर्षी स्त्रीपुरुषांचे मिळून एक पथक उभे राहिले. ते रस्त्याने निघाले की कडेच्या लोकांतून शिट्ट्या आणि शिव्या येत. कित्येकांनी पाठ फिरविली. पुढे काही वर्षे तर काळे प्लास्टिक आडवे धरून भिंत केली, की ते पथक डोळ्यांना दिसूच नये. शेजारच्या इरुन गावात अशाच वादातून दोन वेगळ्या मिरवणुका झाल्या.

विरोध करणारे वाईट लोक नव्हते. आजोबा जसे चालले तसेच आम्ही चालणार, हाच आमचा वारसा, असे ते म्हणत, आणि म्हणताना त्यांचे डोळे भरून येत असतील. पण वेढ्यात काय पुरुषच होते? भूक बायकांना लागली नव्हती? नवस गावाने केला, तर फेडताना निम्मे गाव कडेला का? वारसा म्हणून सांभाळलेली वस्तू माणसाला आपल्या मालकीची वाटू लागते, आणि मालकी आली की कुंपण येते. नवसाचे उलटे असते. नवस आपला नसतो, आपण नवसाचे असतो. हे वाचून कोणी परक्याकडे बोट दाखवू नये. ज्याने त्याने आपल्या गावच्या उत्सवाकडे पाहावे. सांगायचे एवढेच, की डोळे मिटणे हेही कर्मच आहे. पाठ फिरविणाऱ्यानेही काही तरी ठरविलेले असते.

आता रुकार देण्याजोगे स्थान सांगतो. ओन्याती गावावरून खोल दरीच्या कडेने रस्ता वर चढतो, तेथे आरान्त्साझू हे देवीचे ठाणे आहे. पंधराव्या शतकात एका मेंढपाळाला काटेरी झुडपावर मातेची मूर्ती दिसली. तू अशी काट्यांत कशी, असे तो आश्चर्याने म्हणाला आणि त्यावरून हे नाव पडले, अशी कथा आहे. मूर्ती हातभरही उंच नाही. विटेवर उभा राहिलेला देव ज्यांनी डोळे भरून पाहिला, त्यांना काट्यावर उभी राहिलेली माउली परकी कशी वाटावी?

तेथील आजचे मंदिर १९५० नंतर बांधले. मनोरे टोकदार दगडांचे, अंगभर काटे असल्यासारखे. ओतेइसा नावाच्या शिल्पकाराने दर्शनी भिंतीसाठी चौदा प्रेषित दगडात घडविण्यास घेतले, पण १९५५ साली धर्माधिकाऱ्यांना ते रूप पसंत पडेना आणि काम बंद पडले. दगड वर्षानुवर्षे रस्त्याच्या कडेला पडून राहिले. १९६९ साली ते जागेवर चढले, आणि आज माणसे मुद्दाम ते पाहावयास येतात. मधल्या काळात, १९६८ साली, याच ठिकाणी बास्क भाषेचे पंडित जमले आणि सर्वांना लिहिता येईल असे एकच प्रमाण रूप ठरविण्यास त्यांनी आरंभ केला. फ्रांकोच्या राजवटीत ती भाषा दडपलेली होती. मेंढपाळाच्या देवीने मेंढपाळाच्या भाषेला आसरा दिला. प्राकृतात देव आणणाऱ्या संतांची आम्ही लेकरे. आम्ही तेथे हात जोडले. माळेला त्याने धक्का लागला असे आम्हाला वाटले नाही.

पण सर्वात अवघड जागा शेवटी आली, हावियेरचा किल्ला. १५०६ साली येथे जन्मलेला फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यास आला. त्याचा देह आजही जुन्या गोव्याच्या देवळात आहे. दर मार्चमध्ये नाव्हाऱ्यातली हजारो माणसे, कित्येक रात्रभर चालून, या किल्ल्याशी येतात. त्या चालण्याला नमस्कार करावा असेच कोणाही वारकऱ्याला वाटेल. परंतु याच झेवियरने १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन आणण्याची मागणी केली. ते धर्मन्यायालय त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १५६० साली आले. त्याच सुमारास देवळे पाडली गेली आणि मंगेश व शांतादुर्गा यांना भक्तांनी नदीपलीकडे नेले. आणि दुसरी बाजूही पाहा. लोयोला येथील बास्क इग्नेशियसने झेवियर आदी सोबत्यांसह जो येशूसंघ काढला, त्याच संघातल्या फादर स्टीफन्सने मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली छापले, आणि त्यात मराठी भाषेची थोरवी गायिली आहे.

मग त्या किल्ल्यासमोर काय करावे? सगळे विसरून माथा टेकावा? की सगळे आठवून पाठ फिरवावी? आमच्या मते दोन्ही सोप्या वाटा आहेत. तेथे सबंध माणसाला किंवा सबंध धर्माला होय की नाही म्हणावयाचे नसते. चालणाऱ्या पायांना आमचा रुकार आहे. ओवीला आहे. आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या हातांना आहे. त्या पत्राला नाही, आणि मोडलेल्या देवळांना तर नाहीच. हे निवडणे कठीण आहे, कारण मनाला गाठोडे आवडते. एकदा बांधले की पुन्हा उघडायला नको. पण विवेक म्हणजे गाठोडे उघडून वस्तू वेगळ्या करणे, दुसरे काय?

तात्पर्य, ज्यांना परदेशी क्षेत्रे पाहण्याचा योग येईल त्यांनी अवश्य जावे. आपल्या देवाला त्याने राग येत नाही. मात्र जाताना “आम्ही काय, नुसते पाहतो” हे वाक्य घरी ठेवून जावे. आपले डोळे जेथे रमतात तेथे आपला वाटा पडतो. चांगल्यात पडला तर चांगल्याचा, वाईटात पडला तर वाईटाचा. तिकीट कोणत्याही खिडकीवर मिळेल. रुकार मात्र ज्याचा त्याने, आपल्या हाताने, जपूनच द्यावा.