आत कोणी जायचे?

धैर्य उपजतच असावे लागते, असे आपण मानत आलो. मला मात्र त्याची शंका येऊ लागली आहे.

अमेरिकेत कोलंबाइनच्या शाळेत १९९९ साली गोळीबार झाला, तेव्हा पोलीस बाहेर थांबले. ते भित्रे नव्हते; वेढा घालून खास पथकाची वाट पाहावी, असा नियमच होता. आत एक जखमी शिक्षक तासन् तास रक्तस्राव होऊन दगावले. मग नियम फिरला. जो प्रथम पोहोचेल त्याने आत शिरावे, असे ठरले. पुढे पोलिसांच्या आडोशाने मलमपट्टी करणाऱ्यांनाही नेण्याचा एकत्र सराव सुरू झाला.

आणि तरीही २०२२ साली टेक्सासमधील युवाल्डीच्या शाळेत ३७६ पोलीस जमले, पण वर्गात शिरायला ७७ मिनिटे लागली! १९ मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. नियम नवा होता. हुकूम कोणाचा, हेच कोणाला उमगत नव्हते. गर्दीत प्रत्येकाला दुसरा दिसतो, दार दिसत नाही.

घरी मुलेबाळे असलेल्या शिपायाला ‘आत जा’ म्हणणारे आपण कोण, हा प्रश्न मला बोचतो. पण त्याने ते गणवेश चढवतानाच कबूल केलेले असते. हाती नुसती पट्टी घेऊन मागोमाग जाणाऱ्याचे काय? त्याला आधी, शांतपणे, सरावाच्या मैदानावरच विचारावे, आणि तो ‘नाही’ म्हणाला तर त्याला भित्रा म्हणू नये.