शिळेवर न मावलेली नावे

ज्या वास्तूला सारी मुंबई अफगाण चर्च म्हणून ओळखते, ती कुलाब्याची वास्तू १८५८ साली उपासनेस खुली झाली. १८३८ ते १८४३ या काळात सिंध व अफगाणिस्तान येथील मोहिमांत जे पडले त्यांचे ते स्मारक होय. आतील भिंतींवर अंमलदारांची नावे कोरलेली आहेत. शिपायांविषयी मात्र तेथील लेख एवढेच सांगतो की, तलवारीने अथवा रोगराईने जे गेले त्यांची संख्या अशी नोंद करण्यास फार मोठी आहे.

या वाक्यापाशी मन अडते. कारण ज्या फौजेच्या दफ्तरात प्रत्येक शिपायाची हजेरी मांडली जात होती आणि ज्या खजिन्यातून त्याचा तनखा नावानिशी चुकता होत होता, त्या फौजेला संख्येचा अडसर पगारवाटपात कधी जाणवला नाही. तो जाणवला केवळ स्मरणाच्या वेळी. म्हणजे नावे ठाऊक नव्हती असे नव्हे. कोणाच्या मृत्यूसाठी दगड खर्ची घालावा, याचा तो निवाडा होता. शिलालेखाची भाषा विनम्र आहे, परंतु निवाडा अन्यायाचाच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाऊणशे वर्षांनीही तो बदलला नाही. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या; बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावे आली, हिंदी शिपायांचा पलटणवार आकडा आला. आपल्याकडील कित्येक गावांत बसविलेल्या संगमरवरी पाट्याही इतकेच सांगतात, की येथून इतके गेले व त्यांपैकी इतके कामास आले. ज्याच्या चितेपाशी आप्तांपैकी कोणी उभे नव्हते, त्याच्या वाट्याला गावच्या वेशीतही नाव आले नाही.

ज्या रत्नागिरी-साताऱ्याने पलटणींना शिपाई पुरविले, त्यांनीच परळ-लालबागच्या गिरण्यांना कामगार दिले. त्यामुळे तेथील चाळींत एखाद्या जुन्या ट्रंकेत पणजोबांचे चांदीचे पदक आजही सापडू शकेल. त्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव व पलटण कोरलेली असते. सरकारने सामान्य शिपायाचे नाव कोरले ते तेथे, बोटभरही नसलेल्या जागेत. ज्यांच्या घरी असे पदक असेल, त्यांनी ते सराफाकडे मोडीत घालण्यापूर्वी कडेवरील अक्षरे उतरून घ्यावीत, आणि गावच्या पाटीवरील आकड्याखाली ते नाव कोरण्याविषयी ग्रामपंचायतीकडे अर्ज करावा.