रेघ नाही तिथे प्रकाश

आजचं वचन: लूक 23:44-49



भर दुपारी देशभर अंधार पडला, असं लूक सांगतो. हा भाग वाचला की मला रेम्ब्रांट या डच चित्रकाराचं 1653 सालचं ‘तीन वधस्तंभ’ हे मुद्राचित्र आठवतं. तांब्याच्या पत्र्यावर त्याने टोकदार सुईने सरळ ओरखडे काढले. ओरखड्याच्या काठाला तांब्याची बारीक कडा उठते आणि ती शाई धरून ठेवते. म्हणून छापल्यावर रेघ मखमलीसारखी गडद दिसते. पत्र्याला जखम झाली नाही, तर कागदावर काहीच उमटत नाही.

मधोमध येशूचा वधस्तंभ. खाली घोडेस्वार, शिपाई, शोक करणारी माणसं. शताधिपती गुडघे टेकून हात पसरतो आहे. आणि वरून प्रकाशाचा मोठा झोत खाली येतो.

आता नीट बघा. तो प्रकाश कुणी काढलेला नाही! तो नुसता कोरा कागद आहे. सुईने काढल्या त्या सगळ्या अंधाराच्या रेघा. प्रकाश म्हणजे चित्रकाराने हात न लावलेली जागा.

पुढे रेम्ब्रांटने तोच पत्रा पुन्हा हाती घेतला. पुष्कळ माणसं घासून काढली, आणि वरून काळ्या रेघांचा जणू पाऊस पाडला. प्रकाश अरुंद झाला, गर्दी अंधारात बुडाली. पण मधला वधस्तंभ दिसत राहिला.

माझी आई गेली, तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. महिन्याभरात एकेक जण कमी झाला. रात्री प्रार्थनेला बसायचे, तर शब्दच यायचे नाहीत. खरं सांगते, मी देवावर रागावले होते. इतकी वर्षं मंडळीत दुसऱ्यांचं सांत्वन केलं, त्यातलं एक वाक्यही माझ्या उपयोगी पडेना. मला वाटायचं, विश्वास म्हणजे प्रकाश आपणच रेखाटायचा. जितकी जास्त प्रार्थना, तितका जास्त उजेड. पण माझ्या हातून नुसत्या काळ्या रेघाच निघत होत्या.

या चित्रासमोर मला उमगलं की कृपा माझ्या हातची नाही. ती आधीपासून आहे, कागदासारखी, माझ्या सगळ्या रेघांच्या खाली. दुःख त्याने गेलं नाही. आईची खुर्ची अजून रिकामीच आहे. पण उजेड तयार करण्याचं ओझं मात्र उतरलं.

वचनात येशू काय करतो? सूर्य झाकोळलेला असताना तो मोठ्याने पित्याला हाक मारतो आणि स्वतःला त्याच्या हाती सोपवतो. आणि गालीलाहून आलेल्या स्त्रिया? त्या दूर उभ्या आहेत. त्यांना काही करता येत नाही, त्या बोलतही नाहीत. पण निघूनही जात नाहीत. लूकने त्यांचं नुसतं उभं राहणंसुद्धा लिहून ठेवलं आहे.

तुमच्या ओळखीत कुणाच्या घरची गर्दी आता ओसरली असेल, तर या आठवड्यात तिथे जाऊन या. उपदेश नको. जवळ बसा, चहा घ्या, तेवढं पुरे.

प्रार्थना: हे प्रभू, आमच्या आयुष्यात काळ्या रेघा वाढतात, तेव्हा आमची नजर मधल्या वधस्तंभावर राहू दे. जो उजेड आम्हाला करता येत नाही, तो तूच आमच्यासाठी राखून ठेव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.